चोवीस मिनिटांची नाडी

हँगरच्या स्टोअरला एक खिडकी आहे, जेमतेम दीड हात रुंद, आणि त्या खिडकीच्या आत मी एकोणीस वर्षं बसलो आहे. लोक मागणीची चिठ्ठी पुढे सरकवतात, वस्तू घेतात आणि चालू लागतात. एकच गृहस्थ असे, की वस्तू हातात पडल्यावरही तिथेच उभे राहायचे. वॉशर तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हा सात ग्रॅमचा नाही." मी वैतागून तराजूवर टाकून दाखवायचो. सहा पूर्णांक आठ. एकदा नाही, शंभरदा हेच. त्यांना सगळे ग्रॅम म्हणायचे. तोंडावर ग्रॅमदादा, कारण वयाने ते आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे होते.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं. आमचं हेलिकॉप्टर रुग्णांना नेण्यासाठीचं. लांबच्या वस्त्यांमधून माणूस उचलायचा आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरवायचा. त्याच्या डोक्यावरच्या पंख्याला चार पाती. कारखान्यातून चारही सारखी येतात असं कागदावर म्हटलेलं असतं, पण चार सख्खे भाऊ असावेत तशीच ती असतात. एक जरा जड, एक जरा वर उडणारं. मग सगळं मशीन हादरतं, आवाज वाढतो, आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होतात आणि हळूहळू मशीनचीही. ग्रॅमदादांनी एकतीस वर्षं हा हादरा कमी केला. संपवला असं ते कधीच म्हणाले नाहीत. "हादरा संपत नसतो रे. तो फक्त सोसवेल इतका करायचा असतो."

तरुणपणी ते पात्यांच्या टोकांना चार रंगांचा खडू फासायचे, मशीन जमिनीवरच चालू करायला लावायचे आणि लांब काठीवर ताणलेलं कापड हळूच त्या फिरत्या टोकांपाशी न्यायचे. कापडावर चार खुणा उमटायच्या. खुणा एकावर एक आल्या की पाती एका उंचीवर फिरत आहेत. वरखाली आल्या की मशीन बंद, शिडी लावा, पाना फिरवा, पुन्हा चालू. दिवसातून पंधरा वेळा. काठी जरा जास्त पुढे गेली तर माणसाचं काय होईल हे कोणी कोणाला सांगत नसे. पुढे सेन्सर आले, पडदे आले, आकडे आले, काठी माळ्यावर गेली. पण तोपर्यंत कानांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कान गेले म्हणजे पार गेले नाहीत. मशीनचा आवाज त्यांना कळायचा, माणसांचा नाही. घरी वहिनी वैतागायच्या. वॉशिंग मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत हा माणूस रविवारची अख्खी सकाळ घालवायचा, फ्रिजवर तळहात ठेवून उभा राहायचा, आणि पाठीमागून बायको तिसऱ्यांदा जेवायला बोलावते आहे याचा पत्ता नसायचा. "मी पण जरा थरथरून बघते, म्हणजे माझ्याकडे लक्ष जाईल," असं वहिनी एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. ते मला ओरडून त्यांच्या कानात सांगावं लागलं. दादा हसले आणि म्हणाले, "तिला सांग, तिचा आकडा पहिल्यापासून मर्यादेत आहे."

कुठेही बाहेर गेलो की मी त्यांचा कान व्हायचो. बँकेत, दवाखान्यात, साहेबांच्या खोलीत. समोरचा बोलणार, मी मोठ्याने परत सांगणार, ते उत्तर देणार. सवय झाली होती दोघांनाही.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र ते दमले. माणूस आजारी पडतो ते वेगळं आणि दमतो ते वेगळं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबायचे. चहाचा कप हातात घेऊन बसायचे आणि चहा गार व्हायचा. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्यांच्या जागी कोणी शिकून तयार होत नव्हतं, कारण शिकायला कोणी येतच नव्हतं. तेव्हाच ते मंगळवारचं प्रकरण घडलं.

साठीचा एक सुतार, छातीत कळ आली म्हणून त्याला आणायला आमचं हेलिकॉप्टर गेलं. मागे त्याच्याजवळ एकट्या सिस्टर होत्या. अकरा वर्षं याच कामावर, आवाज न चढवता बोलणाऱ्या, स्वतःच्या बुटांना रोज स्वतः पॉलिश करणाऱ्या. सुतार चढवतानाच ग्लानीत होता, आणि हादऱ्यात छातीची हालचाल कळत नाही; हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघही हवेत नेहमीच नाचते, त्यामुळे त्यांनी सुताराच्या मनगटावर बोटं ठेवली ती उतरेपर्यंत उचलली नाहीत. दर चार मिनिटांनी त्या कॅप्टनला नाडीचा आकडा सांगत, कॅप्टन तो रेडिओवर खाली कळवी, आणि हॉस्पिटलात थांबलेल्या मुलाला तो सांगितला जाई. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. चोवीस मिनिटं. मुलाने घरी आईला फोन करून सांगितलं, बाबांची नाडी चांगली चालू आहे. गच्चीवर डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि म्हणाले, हे जाऊन बराच वेळ झाला आहे.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सिस्टरना घरी बसवलं, पुढच्या शुक्रवारी चौकशी ठेवली. नाडी थांबलेली कळली असती तर छाती दाबायला सुरुवात करता आली असती, माणूस कदाचित वाचला असता, असं मुलाने तक्रारीत लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. चौकशीत त्या दोषी ठरल्या असत्या तर कोणत्याही हॉस्पिटलने त्यांना पुन्हा रुग्णाजवळ उभं केलं नसतं. हँगरमध्ये जिभा सैल सुटल्या. बाईंना डुलकी लागली असेल, आकडे मनाने सांगितले असतील. मीसुद्धा त्या गप्पांत मान डोलावली, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या आणि ग्रॅमदादांना बोलवा म्हणाल्या. मी बोलावलं आणि मधे उभा राहिलो, नेहमीप्रमाणे.

"दादा, मला डुलकी लागली नव्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांखाली नाडी होती."

मी ते ओरडून सांगितलं. दादांनी विचारलं, "किती होती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"सुरुवातीला का शेवटी?"

"सगळा वेळ."

दादा काउंटरला टेकले. "जाणाऱ्या माणसाची नाडी इतकी सरळ चालते का हो?"

"नाही चालत," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरपण हेच म्हणाले. पण मी जे मोजलं तेच सांगितलं."

"इतकं सरळ मशीन चालतं," दादा म्हणाले, आणि उठून साहेबांकडे गेले. मी मागोमाग.

साहेबांनी लॉगबुक उघडून त्यांच्याच पुढ्यात धरलं. नऊ दिवसांपूर्वीची तपासणी, सगळे आकडे मर्यादेत, खाली ग्रॅमदादांची सही. "तुम्हीच सही केलीत आणि तुम्हीच शंका घेता?" दादा म्हणाले, एकदा उडवून बघू. साहेबांनी उपकार केल्यासारखं एक उड्डाण दिलं. दादा मागे बसले, स्ट्रेचरवर, जमिनीवर, भिंतीवर तळहात ठेवत गेले. काही नाही. नेहमीचाच हादरा, सोसवेल असा. उतरल्यावर साहेब म्हणाले, विषय संपला. दादा स्टोअरमध्ये येऊन खोक्यावर बसले. तोंडावर टॉवेल धरून बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं रडतायत, पण ते फक्त दमले होते.

मी सिस्टरना फोन करून झालेलं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "स्ट्रेचरवर कोण होतं?"

"कोणीच नव्हतं."

"रिकाम्या स्ट्रेचरवर मी कधी कोणाची नाडी बघितलेली नाही," त्या म्हणाल्या.

हे दादांना सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं ते मशीन वैमानिकाच्या खुर्चीपाशी मोजत आले होते, कारण पुस्तकात तसं लिहिलं आहे. जो माणूस आडवा पडून जातो, त्याच्या जागी बसून हादरा कोणी मोजलाच नव्हता. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली. वाळू, सत्तर किलो. जाड रबरी नळी, एक हात. मी म्हटलं, दादा, हे कुठल्या दुरुस्तीत मोडतं ते तरी लिहा. त्यांनी लिहिलं, "माझ्या."

दुसरं उड्डाण मिळणं कठीणच होतं, पण कॅप्टन मदतीला धावले. त्यांचं महिन्याचं सरावाचं उड्डाण शिल्लक होतं, ते त्यांनी सोमवारी सकाळी घ्यायचं ठरवलं. साहेबांना आणि घरी बसवलेल्या सिस्टरनाही बरोबर नेण्याचा हट्ट दादांनी धरला, आणि आकडे लिहायला मला चढवलं. एकोणीस वर्षं ज्याचे सुटे भाग देतो आहे त्यात मी पहिल्यांदाच बसत होतो. पट्टा दोनदा आवळून बघितला; साहेबांसमोर तोंड वाकडं करायची सोय नव्हती.

स्ट्रेचरवर वाळूची पोती माणसाच्या लांबीत पट्ट्यांनी आवळली होती. जिथे मनगट यायचं तिथे पाण्याने भरून दोन्ही तोंडं बांधलेली नळी. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, डोळे मिटले आणि नळीवर तीन बोटं ठेवली. वर आल्यावर मशीन सरळ उडायला लागलं. त्यांचे ओठ हलायला लागले. मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट झालं तसा मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, पोत्याकडे पाहिलं, आणि माझ्या वहीवर स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. अठ्ठ्याहत्तर.

साहेबांनी हेडफोन काढून स्वतः बोटं ठेवली. मग जागेवर जाऊन बसले.

उतरल्यावर दादांनी स्ट्रेचरखालची जमीन उघडली. तिथे तेल थंड ठेवणारा एक लहान पंखा असतो, चार रबरी माउंटवर, म्हणजे रबराच्या जाड चकत्यांवर, बसवलेला. त्यांनी हेडलॅम्प लावून आत पाहिलं आणि मला हाक मारली. मी वाकलो. वाकताक्षणी मला कळलं. त्या माउंटवर निळा ठिपका होता. हिरवा हवा होता.

हिरवा ठिपका म्हणजे मऊ रबर, निळा म्हणजे कडक. आकार तोच, भोक तेच. लॉगबुकातल्या त्या तपासणीच्या दिवशी दुरुस्तीला हिरवे संपले होते. नवीन मागवायचे तर आठवडा गेला असता, आणि मशीन उभं राहिलं म्हणून साहेबांची बोलणी मलाच खावी लागली असती. मी निळे काढून दिले आणि म्हटलं, "हेच चालतात, दादा." एरवी प्रत्येक रबर अंगठ्याने दाबून बघणाऱ्या माणसाने त्या दिवशी ते दाबलं नाही. खिशात टाकलं आणि शिडी चढायला गेले. ते दमले होते, आणि ते मला दिसत होतं.

बाकीचं त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. वरच्या पंख्याचे सेकंदाला सव्वीस धक्के, या लहान पंख्याचे सत्तावीस आणि थोडे. मऊ रबर लहान पंख्याचे धक्के गिळून टाकतं. कडक रबराने ते जमिनीत सोडले. एका इमारतीत पाण्याचे दोन पंप एकदम चालू असले की आवाज कसा मधेच चढतो, मधेच उतरतो, तसे हे दोन हादरे कधी एकमेकांवर चढत होते, कधी एकमेकांना मारत होते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. वेगवेगळे मोजले तर दोन्ही मर्यादेत. आणि स्ट्रेचरवर माणसाचं वजन आलं की ते जमिनीला घट्ट बसायचं आणि सगळं त्याच्या अंगात उतरायचं.

सिस्टर बाजूला उभ्या होत्या. त्यांच्यावरचं बालंट टळलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची खूणही नव्हती. "म्हणजे त्यांची नाडी केव्हा थांबली ते मला कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मिनिटालाच थांबली असेल. बाकीचा वेळ मी मशीनचा हात धरून बसले होते." हे मी दादांना ओरडून सांगू शकलो नाही. त्यांनी ते तोंडाकडे बघूनच ओळखलं असावं.

दुपारी ते लॉगबुक घेऊन माझ्या खिडकीशी आले. आत कोणी नव्हतं. मी म्हटलं, "दादा, रबर घासलं म्हणून लिहा. घासतंच की कधीतरी. कोणाचं काही जात नाही. तुमचे आठ महिने राहिलेत."

"सिस्टरची किती वर्षं राहिलीत?" त्यांनी विचारलं.

"घासलं म्हटलं तरी त्या सुटतातच ना."

"सुटतील. पण मग पुढचा कोणी परत निळंच बसवेल." त्यांनी पेन उघडलं. चुकीचे माउंट बसवले, बसवण्यापूर्वी तपासले नाहीत, असं त्यांनी त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. भाग कोणी दिला या रकान्याशी पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तिथे एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटली. "दिलेलं बघून घ्यायचं काम माझं," ते म्हणाले. माझ्या फाइलमध्ये त्या दिवसाची चिठ्ठी होती, तिच्यावर निळ्या रबराचा नंबर माझ्या अक्षरात होता. मी ती फाडली नाही. कोणाला दाखवलीही नाही.

शुक्रवारी चौकशी झाली. सिस्टर पुढच्या सोमवारी कामावर आल्या. ग्रॅमदादांचा सहीचा अधिकार काढून घेतला. आता दुसरा कोणीतरी बाहेरून येऊन सही करतो आणि दादा त्याच्यामागे पाना धरून उभे राहतात. मर्यादेत आहे का असं तो त्यांनाच विचारतो.

पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. सुताराच्या घरी जाऊन सांगायचं म्हणाले. साहेबांनी सांगितलं, पत्र गेलं आहे, तुम्ही जायचं कारण नाही. वहिनींनी सांगितलं, लोक अंगावर येतील. दादा मला म्हणाले, "तू चल बरोबर. ते काय म्हणतील ते मला ऐकू यायला हवं." नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत रंधा मारायचं लांब टेबल तसंच होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. सुताराची बायको भिंतीला टेकून बसली होती, मुलगा तिच्या शेजारी. दादांनी बसण्याआधीच सगळं सांगितलं. रबर कसं चुकीचं बसलं, सिस्टरना नाडी कशी भासली, त्यांचा काही दोष नव्हता. मी बसवलं, मी तपासलं नाही, असं दोनदा म्हणाले. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे ते फार मोठ्याने बोलत होते, आणि त्या लहान खोलीत ते फार वाईट वाटत होतं.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "त्या सिस्टरनी हात सोडला नव्हता ना?"

मी दादांच्या कानाशी वाकून ते सांगितलं. दादा म्हणाले, "नाही, ताई. उतरेपर्यंत नाही." बाईंनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले.

मग मुलगा बोलला. वडिलांचाच मुलगा तो, त्याच टेबलावर काम करणारा, त्यामुळे त्याचा प्रश्न कामातल्या माणसाचा होता. "तुम्ही बसवलंत ते कळलं," तो म्हणाला. "पण चुकीचा भाग तुमच्या हातात आला कसा? दिला कोणी?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो. सगळी खोली ऐकत होती, मी जे सांगीन ते तिघांनाही ऐकू जाणार होतं, हे मला पुरतं माहीत होतं. तरी मी मोठ्याने म्हणालो, "चहा घेणार का विचारतायत."

"नको, नको," दादा हात जोडून म्हणाले. "कशाला त्रास."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि मी खाली बघत होतो. मग त्याची आई भिंतीला हात देत उठली, मला एकदा नीट पाहिलं आणि आत जाऊन खरोखरच चहा टाकला. तीन कप आले. दादांनी त्यांचा लगेच संपवला आणि चांगला झालाय म्हणाले. मीही माझा प्यायलो, सगळा, तळाशी काही राहू दिलं नाही.